ही ओळ कोणाची?

लॅपटॉपवर लिनक्स टाकताना मॉडेल कुठलं, हे सहसा कोणी विचारत नाही. पेनड्राइव्ह लावायचा, बूट करायचं, आणि वाय-फाय कुठलं आहे, पडदा केवढा आहे, बॅटरी कशी आहे हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपलं आपण शोधून काढतं. लॅपटॉपमधलं हार्डवेअर विचारलं की बोलतं. यूएसबी आणि पीसीआयवरची उपकरणं स्वतःची ओळख देतात, उरलेली माहिती फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेलं सॉफ्टवेअर, एसीपीआय नावाच्या ठरावीक तक्त्यांतून पुरवतं. फोनचं तसं नाही. फोनमधल्या कितीतरी चिपा आयटूसीसारख्या साध्या तारांवर बसलेल्या असतात आणि ‘कोण आहे तिकडे?’ असं विचारायची पद्धत त्या तारांवर नाही. अमुक पत्त्यावर अमुक चिप आहे, तिला वीज अमुक रेग्युलेटरकडून मिळते, तिची इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची, तार अमुक पिनेवर येते, हे सगळं आधी कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. लिहिलेलं नसेल तर कर्नलच्या लेखी ती चिप नाहीच.

मोबाइल लिनक्समधला माझा जीव या लिहून ठेवण्यात अडकलेला आहे. त्यावर कुठली ॲप चालतात, व्हॉट्सॲप चालतं का, हे लोक आधी विचारतात आणि ते साहजिक आहे. पण मला रात्री जागं ठेवतात त्या या छोट्या कॉन्फिग फाइली. दहा-बारा ओळींची एखादी फाइल असते, आणि तिच्या जोरावर कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेला फोन पुन्हा आवाज करायला लागतो, आडवा धरला की पडदा फिरवायला लागतो.

माझ्याकडे असे दोन फोन आहेत. एक रेडमी २, भारतात २०१५ साली आलेला, क्वालकॉमच्या एमएसएम८९१६ चिपवरचा, पाठीमागचं झाकण नखाने उघडून बॅटरी काढता येते असा. दुसरा पोको एफ१, जो ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आला आणि त्या काळात कमी पैशात एसडीएम८४५ चिप मिळते म्हणून आपल्याकडे मुलांनी अक्षरशः उचलला. दोन्हींवर पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स सिस्टिम आहे. ऑलिव्हर स्मिथ यांनी २०१७ साली सुरू केलेला हा प्रकल्प अल्पाइन लिनक्स या छोटेखानी लिनक्सवर उभा आहे आणि फोन दहा वर्षं वापरता यावा हे त्याचं पहिल्यापासूनचं उद्दिष्ट. दहा वर्षांचा शब्द पाळायचा तर प्रत्येक फोनसाठी वेगळी सिस्टिम बांधून चालणार नाही, हे उघड आहे. तेवढी माणसं कुठून आणणार? म्हणून तिथे प्रत्येक फोनचं एक लहानसं पॅकेज असतं आणि त्यात ‘डिव्हाइसइन्फो’ नावाची फाइल. नाव, कंपनी, वर्ष, प्रोसेसरची जात, फोनमध्ये सिस्टिम भरायची, म्हणजे फ्लॅश करायची, ती फास्टबूट या साधनाने की दुसऱ्या कशाने, अशा साध्या शेलच्या ओळी. बाकी सगळी सिस्टिम सामाईक. माझा पोको आणि कोणाचातरी वनप्लस ६ एकाच कर्नल पॅकेजवर चालतात, कारण दोघांची चिप एक आहे.

कर्नलमध्ये हीच शिस्त यायला बराच काळ लागला. आधी एआरएम जातीच्या, म्हणजे फोनमध्ये असतात तशा, चिपांच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या आतच सी भाषेत एकेक फाइल लिहिलेली असायची. जितके बोर्ड तितक्या फाइली, आणि त्या एकमेकींच्या नकला करून बनवलेल्या. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर हार्डवेअरचं वर्णन कोडमधून बाहेर काढून डिव्हाइस ट्रीच्या फाइलींत नेण्याच्या कामाने जोर धरला. ही कल्पना ओपन फर्मवेअर आणि पॉवरपीसी संगणकांच्या जगातून आलेली. २०१२ च्या शेवटी कर्नलची ३.७ आवृत्ती आली तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागलं. यंत्र कसं आहे ते एका जागी लिहायचं आणि यंत्र कसं चालवायचं ते दुसऱ्या जागी, एवढंच त्यामागचं सूत्र. पण या सूत्राशिवाय माझे दोन्ही फोन आज भंगारात असते.

इथवर सगळं सरळ वाटतं: प्रत्येक मॉडेलची एक फाइल, ती लिहिली की झालं. मलाही ही कामं करायला लागल्यावर हळूहळू दिसत गेलं की खरी गुंतागुंत मॉडेल या शब्दातच आहे.

पोको एफ१ घ्या. दुकानात एकच फोन होता, खोक्यावर एकच नाव होतं. आत मात्र पडदे दोन कंपन्यांचे होते, काही नगांना तिआनमाचा आणि काहींना ईबीबीजीचा. पडद्याची कंट्रोलर चिप वेगळी, तिला सुरू करायचा आज्ञांचा क्रम वेगळा, वरच्या टचची चिपसुद्धा वेगळी. त्यामुळे कर्नलमध्ये पोको एफ१ च्या डिव्हाइस ट्रीच्या फाइली दोन आहेत आणि दोघींचं सामाईक ते तिसऱ्या फाइलीत. चुकीची फाइल बूट केली की फोन आतून चालू असतो, नेटवर्कवरून त्यात शिरताही येतं, पण पडदा काही धड दिसत नाही. वापरणाऱ्याला वाटतं फोन मेला. आपला पडदा कुठला, हे आधी अँड्रॉइडच्या बूटलोडरने, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, कर्नलला दिलेल्या कमांड लाइनमध्ये शोधावं लागतं. त्या लांबलचक ओळीत कुठेतरी पॅनेलचं, म्हणजे पडद्याचं, नाव असतं. ते वाचायचं आणि मग आपल्या हाताने योग्य ती निवड करायची.

रेडमी २ मध्येही पडदे निरनिराळे आले. तिथे मात्र एमएसएम८९१६ वर काम करणाऱ्या मंडळींनी फार सुंदर गोष्ट केली. त्यांचा एलके-टू-एनडी नावाचा छोटा बूटलोडर मूळ बूटलोडर आणि लिनक्स यांच्या मध्ये बसतो. मूळ बूटलोडरने ओळखलेलं पॅनेलचं नाव तो वाचतो, डिव्हाइस ट्रीमधल्या पॅनेलच्या नोंदीत ते नाव बसवतो आणि मग ती ट्री कर्नलच्या हाती देतो. वापरणाऱ्याला काही विचारायचीच गरज उरत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर तो नग स्वतः देऊ शकतो, तो प्रश्न माणसाला विचारू नये, आणि मॉडेलच्या फाइलीत अंदाजाने लिहून तर मुळीच ठेवू नये. हे पाहिल्यापासून कुठल्याही कॉन्फिगच्या ओळीकडे पाहताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, ही ओळ कोणाची? मॉडेलची, या एका नगाची, की माझी?

चष्म्यात नंबर डोळ्यांचा असतो आणि फ्रेम आवडीची, तसंच काहीसं. मात्र इथे मधे नग नावाचा तिसरा मालक आहे आणि त्याच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं.

नगाच्या गोष्टी पुष्कळ असतात. वाय-फायचा आणि ब्लूटूथचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्या फोनची ओळख, आयएमईआय, कारखान्यात त्या एका फोनसाठी केलेलं रेडिओचं कॅलिब्रेशन. अँड्रॉइड फोनमध्ये यातलं बरंचसं लहानशा वेगळ्या पार्टिशनांमध्ये ठेवलेलं असतं. फ्लॅश करण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते, कारण ती माहिती जगात दुसरीकडे कुठेही नसते. मॉडेलची फाइल हरवली तर हजार जणांकडे सापडेल, नगाची हरवली की संपलं. आणि ही माहिती कधीही सार्वजनिक रेपोमध्ये, म्हणजे फाइलींच्या सामाईक साठ्यात, टाकू नये. पोस्टमार्केटओएसमध्ये मॅक पत्त्यासाठी बूटमॅक नावाची एक स्क्रिप्ट आहे. ती त्या नगाच्या सिरियल नंबरावरून पत्ता तयार करते. फाइल सगळ्यांना एकच, उत्तर प्रत्येक नगाचं वेगळं.

माझ्या रेडमीची बॅटरीही आता नगाच्या खात्यात गेली आहे. कंपनीची बॅटरी २२०० एमएएचची. डिव्हाइस ट्रीमध्ये बॅटरीची मूळ क्षमता मायक्रोॲम्पिअर-तासांत लिहायची पद्धत आहे, म्हणजे २२ लाख. पुण्यात तपकीर गल्लीतून आणलेली बॅटरी मापाने बरोबर बसते, पण तिची खरी क्षमता तिची तीच जाणे. हा आकडा मॉडेलच्या फाइलीत बदलून वर, मूळ प्रकल्पाकडे, पाठवणं म्हणजे माझ्या बॅटरीचा खोटेपणा सगळ्यांच्या माथी मारणं. तो माझ्याच फोनपुरता राहायला हवा.

आता मॉडेलची म्हणून जी माहिती असते तिच्याबद्दल. एका मैत्रिणीकडे इंटेलच्या चिपचा स्वस्तातला विंडोज टॅबलेट पडून होता. त्यावर तिला लिनक्स आणि पुस्तकं वाचायची सोय हवी होती. सगळं चाललं, पण टॅबलेट उभा धरला की चित्र आडवं. हा सेन्सर कसा बसवलाय याचा प्रश्न. ॲक्सिलरोमीटरची, म्हणजे टॅबलेट कसा धरलाय ते मोजणाऱ्या सेन्सरची, चिप इंजिनिअरने बोर्डावर जागा मिळेल तशी, जागा मिळेल त्या दिशेने बसवलेली असते. तिला तिचे एक्स, वाय, झेड अक्ष माहीत असतात. पडद्याचे अक्ष कुठे आहेत हे तिला कळायचं काही कारण नाही. तो हिशोब नऊ आकड्यांच्या एका मॅट्रिक्समध्ये लिहायचा असतो.

मी टॅबलेट टेबलावर पालथा नाही तर सुलटा ठेवला. झेड अक्षावर ९.८ च्या आसपास आकडा आला, म्हणजे तो अक्ष जागेवर होता. मग भिंतीला टेकवून उभा केला. गुरुत्वाकर्षण आता वायवर दिसायला हवं होतं, दिसलं एक्सवर आणि उलट्या चिन्हाचं. मॉनिटर-सेन्सर ही कमांड चालू ठेवली की टॅबलेट फिरवेल तसतशी ‘डावी बाजू वर’, ‘उजवी बाजू वर’ अशी ओळ इंग्रजीत उमटत राहते. ती प्रत्यक्षाशी एकदाही जुळत नव्हती, पण न जुळण्यात एक नेम होता. मग उत्तर सरळ होतं: एक्सच्या जागी वाय, वायच्या जागी उलटा एक्स, झेड तसाच. ०, १, ०. -१, ०, ०. ०, ०, १. ही ओळ यूडेव्ह या उपकरणं हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या हार्डवेअर डेटाबेसमध्ये घातली, डेटाबेस पुन्हा बांधला, आणि टॅबलेट उभा धरल्यावर मजकूर उभा राहिला. नऊ आकड्यांनी मला झालेला आनंद मैत्रिणीला समजावून सांगणं कठीण गेलं, पण तिने चहा केला.

गंमत त्याच्या पुढची. ही ओळ कुठल्या मॉडेलला लागू, हे लिहायला मॉडेलचं नाव लागतं, आणि त्या टॅबलेटच्या बायोसमध्ये नावाच्या जागी ‘कारखानदाराने भरावे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तशीच राहिलेली. हा काही एकट्या त्या टॅबलेटचा दोष नव्हे. स्वस्त टॅबलेटांमध्ये हे सर्रास दिसतं. नाव भरायचं राहून गेलं आणि माल बाजारात आला. मग ओळख पटवायला बायोसची तारीख, आवृत्ती, बोर्डाचं नाव असं जे जे मिळेल ते जोडून खूण तयार करावी लागते, आणि तीसुद्धा इतकी ढिली नको की दुसऱ्याच कोणाचातरी टॅबलेट तिच्यात सापडून उलटा व्हावा. यूडेव्ह ज्याचा भाग आहे त्या सिस्टिमडीच्या रेपोमध्ये सेन्सरांची फाइल उघडून वाचावी. अशा खुणांनी भरलेली आहे. प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी एक टॅबलेट हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवलेला आहे. मला ती फाइल वाचायला खरोखर आवडते.

मी आधी ती ओळ ईटीसी या आपले बदल ठेवायच्या फोल्डरखालच्या स्थानिक फाइलीत ठेवली, ६१ आकड्याने सुरू होणाऱ्या, म्हणजे ६० ने सुरू होणाऱ्या मूळच्या फाइलीनंतर वाचली जाईल अशा. मग वर पाठवली. काही काळाने अपडेटमध्ये ती सगळ्यांसाठी आली, तेव्हा मैत्रिणीच्या टॅबलेटवरची स्थानिक फाइल मी पुसून टाकली. हे पुसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मॉडेलची माहिती माझ्या घरात राहिली तर तिचा सांभाळ मला एकटीला करावा लागतो आणि तोच टॅबलेट असलेल्या दुसऱ्या कोणालातरी पुन्हा पहिल्यापासून भिंतीला टेकवून सुरुवात करावी लागते. ती माझी नव्हतीच, मी फक्त ती आधी मोजली.

बदल कुठे लिहायचा याचे नियम कंटाळवाणे आहेत, पण सगळा टिकाऊपणा त्यातच आहे. यूएसआर या फोल्डरखालच्या फाइली पॅकेजच्या मालकीच्या. तिथे हात घातला तर पुढच्या अपडेटला आपला बदल न सांगता पुसला जातो. ईटीसीमधली अख्खी फाइल बदलली तर उलट होतं. अल्पाइनचा पॅकेजं सांभाळणारा एपीके आपली फाइल जपतो आणि नवी आवृत्ती शेजारी ‘एपीके-न्यू’ अशा शेपटीने ठेवून देतो, आणि ती कोणी पाहत नाही. वर्षभराने आपली फाइल इतकी शिळी झालेली असते की तिच्यातलं काय आपलं आणि काय जुनं मूळचं, हे ओळखता येत नाही. म्हणून जिथे जिथे ‘डॉट-डी’ने संपणारा फोल्डर मिळतो तिथे एकाच ओळीची वेगळी फाइल टाकावी, आणि त्या ओळीवर ती का आहे हे मराठीत लिहावं. मी मराठीतच लिहिते. घाईत वाचायची वेळ येते तेव्हा आपल्या भाषेतली ओळ पटकन डोक्यात शिरते.

माझ्या दोन फोनांचा आणि एका लॅपटॉपचा रेपो एकच आहे. सुरुवातीला खूप जण प्रत्येक यंत्रासाठी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात वेगळी ब्रँच, म्हणजे समांतर प्रत, करायला सांगतात. मला ते पटत नाही. ब्रँच एकत्र येण्यासाठी असतात, आणि रेडमीची ब्रँच पोकोच्या ब्रँचमध्ये कधीच मिसळायची नसते. सामाईक फाइलीत एक अक्षर बदललं की ते प्रत्येक ब्रँचवर न्यायचं, एखादीवर विसरायचं, आणि काही महिन्यांत तीन वेगळ्या दुनिया. त्यापेक्षा एका ब्रँचवर निरनिराळे फोल्डर बरे: सगळ्यांचं, चिपचं, नगाचं, माणसाचं. मॉडेलचा फोल्डर मी मुद्दाम ‘वर पाठवायचं’ या नावाने ठेवला आहे, म्हणजे त्यात काही साठलं की टोचतं. कुठला फोल्डर कुठे लागू, हे यंत्राच्या नावावरून ठरवत नाही, कारण यंत्राचं नाव मी कधीही बदलू शकते. डिव्हाइस ट्रीची ‘कंपॅटिबल’ ओळ चालू फोनवर वाचता येते. पोकोवर ती ‘शाओमी, बेरिलियम’पासून सुरू होते आणि ‘क्वालकॉम, एसडीएम८४५’पाशी संपते, विशेषाकडून सामान्याकडे. स्क्रिप्ट तीच वाचते.

फोल्डर कुठला हे ठरवायला मी दोन प्रश्न विचारते. हाच फोन दुसऱ्या माणसाच्या हाती गेला तर ही ओळ फोनबरोबर जाईल का? आणि हेच माणूस दुसरा फोन वापरू लागलं तर ओळ माणसाबरोबर जाईल का? अक्षरांचा आकार, कीबोर्डवर मराठी आधी की इंग्रजी, कंपन किती जोरात, हे माणसाबरोबर जातं. पोकोच्या १०८० बाय २२४६ पडद्यावरची वरची खाच फोनबरोबर राहते. फॉश या फोनच्या इंटरफेससाठी अशा खाचांचा आकार जीमोबाइल नावाच्या लायब्ररीच्या फाइलींत एसव्हीजी या चित्रप्रकाराच्या रेषेने लिहितात, म्हणजे घड्याळाचे आकडे खाचेखाली दडत नाहीत. माझ्या आवडीनिवडीचा तिथे काय संबंध? बहुतेक ओळी या दोन प्रश्नांत निकालात निघतात.

एक निघत नाही. रेडमी २ सध्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. सिमकार्ड नाही, वाय-फायवर चालतो, त्यावर ती कीर्तनं आणि जुनी नाट्यगीतं ऐकते. एक दिवस म्हणाली, “अगं, फोडणी टाकली की ह्याचं काही ऐकूच येत नाही. जरा वाढव ना.” बटणाने आवाज आधीच पूर्ण होता.

फोनच्या आवाजाची वाट आल्सा या लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेच्या यूसीएम फाइलींत लिहिलेली असते. स्पीकर चालू करायचा म्हणजे चिपच्या आतले कुठले स्विच कुठल्या क्रमाने जोडायचे, कानाशी धरायच्या रिसीव्हरसाठी कुठले, हेडफोनसाठी कुठले. तिथे स्पीकरच्या वाटेवर आरएक्स-३ नावाचा एक डिजिटल व्हॉल्यूम आहे. तो आकडा वाढवला की आवाज वाढतो, पण ही ओळ नेमकी कोणाची हेच मला ठरवता येईना. मुळातला आकडा कदाचित सगळ्याच रेडमी २ ना कमी पडत असेल. या नगाच्या स्पीकरची जाळी तेलाच्या वाफेने आणि पिठाने भरली होती, ती मऊ ब्रशने साफ केली तेव्हा फरक पडला, पण पुरेसा नाही. आणि आईला हल्ली दारावरची बेलही दुसऱ्या वेळेस ऐकू येते. वाढवलेला आकडा मॉडेलचा म्हणून वर पाठवला तर कोणाचातरी धडधाकट स्पीकर फाटेल. फोनचे स्पीकर नखाएवढे असतात, आणि सांभाळून वापरा असं सांगणारं कंपनीचं सॉफ्टवेअर आपण काढून टाकलेलं असतं. तेव्हा वर पाठवायचा प्रश्न नव्हता.

यूसीएममध्ये एक ओळ वरून बसवण्याची सोय मला तरी सापडली नाही. लोकल-डी या फोल्डरातल्या स्क्रिप्टने बूट होताना आकडा बदलून पाहिला, तर हेडफोन लावून काढला की यूसीएमचा क्रम पुन्हा चालतो आणि माझा आकडा जातो. स्वयंपाकघरात हेडफोन कोणी लावत नाही म्हणून ते चालून गेलं. शेवटी मी वाढीचे दोन तुकडे केले. थोडी वाढ त्या स्क्रिप्टमध्ये, नगाच्या फोल्डरात, वर ‘जाळी जुनी’ अशी नोंद. उरलेली वाढ गाणी वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये, बोलण्याच्या पट्टीतले स्वर उचलून, आईच्या फोल्डरात. हा दुसरा तुकडा तिच्याबरोबर उद्या पोकोवरही जाईल.

तुकडे कुठे पाडायचे हे मी अंदाजानेच ठरवलं आहे, त्याला मोजमापाचा आधार नाही. रेडमीचा सुटा स्पीकर मागवला आहे. तो बसला की नगाच्या फोल्डरातली ओळ काढून टाकायची, आईला फोडणी टाकायला सांगायची, आणि तिच्या एकट्या ओळीवर भागतं का ते पाहायचं.